घळीतून आलेले आडनाव

मित्रांनो, मला रंग नाही, वजन नाही आणि मला कुणी कपाटात ठेवत नाही. तरीही मी माणसाला जन्मापासून मरेपर्यंत सोडत नाही. मी एक आडनाव आहे. जुने, इंग्रजी आणि अतिशय विरळ. माझे नाव ऑटर्सगिल. ज्या थोड्या माणसांच्या मागे मी आज उभा आहे, त्यांच्यापैकी कुणी तुमच्या शेजारी राहत असण्याची शक्यता जवळजवळ शून्य आहे. म्हणून माझी गोष्ट मलाच सांगावी लागते.

इंग्लंडच्या उत्तरेला डोंगराळ मुलूख आहे. तिथल्या जुन्या बोलीत अरुंद घळीला आणि तिच्यातून धावणाऱ्या ओढ्याला 'गिल' म्हणत. अशा एका घळीत पाणमांजरे फार होती. म्हणून ती ऑटर्सगिल, पाणमांजरांची घळ. तिथला विल्यम नावाचा एक मेंढपाळ एका कडक हिवाळ्यानंतर आपल्या मेंढ्या घेऊन डोंगर उतरला आणि खालच्या खोऱ्यात राहू लागला. खोऱ्यात विल्यम आधीच पुष्कळ होते. लोक विचारत, "कुठला विल्यम?" उत्तर येई, "ऑटर्सगिलचा." झाले, मी जन्मलो.

एक गोष्ट लक्षात घ्या. विल्यम घळीत राहत होता तोवर त्याला कुणी घळीचा म्हणत नव्हते. गावाचे नाव माणसाला चिकटते ते गाव सुटल्यावर. तुमच्याकडेही तसेच आहे. गावात राहणाऱ्या माणसाला 'कर' लावून काय उपयोग? तिथे तर सगळेच 'कर'.

पुढे कित्येक पिढ्या मी लोकरीचा वास घेत त्याच खोऱ्यात राहिलो. मग कापडाच्या गिरण्या आल्या तेव्हा गिरणीत गेलो. दुसऱ्या महायुद्धानंतर अल्बर्ट ऑटर्सगिल नावाच्या सुताराबरोबर मी समुद्र ओलांडला आणि कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, व्हँकुव्हरला आलो. माझ्या वैभवाचे दिवस तिथलेच. अल्बर्ट मासेमारीच्या लाकडी होड्या बांधायचा. त्याच्या शेडवर पांढऱ्या रंगात माझे एकेक अक्षर हातभर उंच होते. बंदरावरचे कोळी म्हणायचे, "ऑटर्सगिलची होडी आहे ना, मग गळणार नाही." आडनावाला यापेक्षा मोठी शाबासकी कोणती?

मग फायबरच्या होड्या आल्या. शेड बंद झाली, पाटी उतरली.

आडनाव कसे मरते, ठाऊक आहे? त्याला कुणी मारत नाही. ज्या घरी मुलगे नाहीत तिथे ते थांबते. ज्या मुली लग्न करून जातात त्या ते दारातच ठेवून जातात. आधीच माणसे थोडी असली, तर दोन-तीन पिढ्यांत पाटी कोरी होते. नुसता योगायोग, दुसरे काही नाही. माझे तसेच होत होते. इंग्लंडमध्ये त्या खोऱ्याच्या आसपास मूठभर कुटुंबे, न्यूझीलंडमध्ये एक घर, आणि कॅनडात दोन माणसे उरली. त्या दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता.

त्यांतला एक ओवेन. अल्बर्टचा नातू. पण अल्बर्ट कोण, होड्या कुठल्या, यातले त्याला काहीच ठाऊक नव्हते. तो अगदी लहान असताना त्याचा बाप लिओनार्ड घर सोडून गेला आणि पुढे कुठेतरी परस्पर वारला. आईने सासरच्या माणसांशी संबंधच तोडले. शाळेत मुले ओवेनला चिडवायला मला वापरायची आणि तो खाली मान घालून बसायचा. मोठेपणी तो सिनेमाचे सेट बांधणारा सुतार झाला. माझ्याविषयी तो एकच वाक्य बोलायचा, "बापाने जाताना एवढंच मागे ठेवलं." हे ऐकून मला किती वाईट वाटायचे, ते कुणाला सांगू?

अशा वेळी माझ्या आयुष्यात चैत्राली खैरवणकर आली. ती व्हँकुव्हरशेजारच्या बर्नाबीतल्या एका प्रयोगशाळेत आनुवंशिकीच्या आकडेवारीचे काम करते. तिने ओवेनशी लग्न केले तेव्हा आपले आडनाव बदलले नाही. मात्र माझ्याविषयी तिला भारी कुतूहल. बाळाची चाहूल लागली तसे तिचे कुतूहल वाढले. ती संध्याकाळी संगणकावर नकाशा उघडायची आणि जिथे जिथे माझा माणूस सापडेल तिथे एक लाल ठिपका टाकायची. माझ्याकडे इतके लक्ष देऊन पूर्वी कुणीच पाहिले नव्हते.

एक ठिपका तिने नॅनाइमोला टाकला. समुद्रापलीकडे, बेटावर. तिथल्या बागप्रेमी मंडळाच्या संकेतस्थळावरच्या फोटोत विनिफ्रेड ऑटर्सगिल नावाच्या वृद्ध बाई गुलाबांसोबत उभ्या होत्या.

"कोण असतील गं?" चैत्रालीच्या आईने, स्वप्नालीबाईंनी विचारले. बाळंतपणासाठी त्या आणि चैत्रालीचे बाबा राजनराव डोंबिवलीहून आले होते.

"कुणी नाही. गावावरून पडलेलं आडनाव आहे, आई. त्या गावातून जो बाहेर पडला तो ऑटर्सगिल. आपल्याला रस्त्यात दुसरा खैरवणकर भेटला तर तो काय लगेच आपला काका होतो?"

मित्रांनो, मला तोंड असते तर मी तेव्हा ओरडलो असतो! पण चैत्रालीचे तर्कशास्त्र तिच्या गावाकडचे होते आणि तिथे ते बरोबरच होते. ठिपका टाकून ती पुढे गेली.

मुलगी झाली. नाव ठरले केया. आडनाव मात्र ठरेना आणि घरात वाद सुरू झाला.

राजनरावांचे म्हणणे सरळ होते. "मुलीला बापाचं आडनाव लागतं. आपल्यात पद्धत आहे तशी."

"आपल्यात?" स्वप्नालीबाई म्हणाल्या. "अहो, जावई कुठले, आपण कुठले! आणि आपल्याला तरी मुलगा कुठे आहे? खैरवणकर पण इथेच संपणार की. लागू दे तिला आईचं."

"मी माझ्या स्वार्थासाठी पद्धत मोडू? ओवेनराव, तुम्ही बोला."

ओवेन इंग्रजीत बोलला, पण अगदी स्पष्ट. "खैरवणकर लावा. माझं नाव माझ्यापाशी संपू दे. ते चांगल्या माणसाकडून आलेलं नाही."

 राजनराव उठले आणि बाहेरचा बर्फ फावड्याने काढायला गेले. खरे तर कॉन्डोच्या, म्हणजे आमच्या फ्लॅटच्या इमारतीचा बर्फ काढायला वेगळी माणसे येतात.

त्यातच स्वप्नालीबाईंना बारशाची काळजी लागली. "बाळाच्या कानात नाव आत्या सांगते. ओवेनला बहीण नाही. मग कान कोण फुंकणार?"

"माझी मैत्रीण ईशानी सांगेल ना, आई. मानलेली आत्या."

"ती तुझ्या बाजूची. आत्या बापाच्या बाजूची लागते. अगदी त्याच्या आडनावाची कुणी म्हातारी मिळाली तरी चालेल मला."

आडनावाची म्हातारी! चैत्रालीने पुन्हा नकाशा उघडला. राजनराव शेजारी येऊन बसले. "एवढं करतेयस तर आपलाही नकाशा काढ की."

तिने बाबांच्या समाधानासाठी खैरवणकरांचेही ठिपके टाकले, निळे. आणि ती थबकली. निळे ठिपके खैरवणच्या चहूबाजूंना विखुरले होते. कुणी कुठल्या समाजाचे, कुणी कुठल्या; कुणी बोटीवर गेलेले, कुणी शिक्षक, कुणी शिंपी. गाव मोठे होते आणि त्यातून बाहेर पडणाऱ्या वाटा अनेक होत्या. लाल ठिपके तसे नव्हते. जुन्या काळातले सगळे एकाच खोऱ्यात, एकमेकांना चिकटून. तिथून एकच वाट बंदराकडे, आणि बंदरातून पुढे. झाडाला एकच खोड असावे तसे.

तिने त्या घळीचे उपग्रहावरून काढलेले चित्र मोठे केले. डोंगर, ओढा, आणि छप्पर नसलेल्या चार भिंती. बस्स.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "हे गाव नव्हतंच. एकच घर होतं. सगळे ऑटर्सगिल त्या एका घरातून निघालेत."

"म्हणजे सगळे भाऊबंद?" राजनराव म्हणाले. "मग फोन लाव त्या बाईंना! वाट कसली बघतेस?"

चैत्रालीने ओवेनला शेजारी बसवून स्पीकरवर फोन लावला. आपण कोण ते सांगून तिने ओवेनचे नाव घेतले. मग विनिफ्रेडबाईंनी विचारले, "त्याच्या डाव्या भुवईवर वण आहे का? माझ्या अंगणात पडला होता. रडला नाही, पण माझ्या कुंड्या तीन फोडल्या."

ओवेनचा हात आपोआप भुवईकडे गेला. लिओनार्डची थोरली बहीण होती ती. त्याची सख्खी आत्या.

"येऊ दे त्यांना," तो म्हणाला. "पण नावाचा विषय कुणी काढायचा नाही."

बारशाच्या दिवशी तो तिला फेरीच्या धक्क्यावरून आणायला गेला. कित्येक वर्षांनी मी एकाच गाडीत दोनदा बसलो होतो! सुरुवातीला दोघेही हवेबद्दल आणि विंटर टायर्सबद्दल बोलले. मग तिने विचारले, "काय काम करतोस?"

"सुतार आहे. सिनेमाचे सेट बांधतो."

"सुतार!" ती हसायला लागली. मग तिने त्याला अल्बर्टची शेड सांगितली, होड्या सांगितल्या, न गळणाऱ्या. ओवेनने गाडी थोडी हळू केली.

"तू लग्न केलं नाहीस?" त्याने विचारले.

"केलं ना. नवरे दोन झाले, आडनाव एकच. दोघांनाही सांगून ठेवलं होतं."

"माझ्या वडिलांचा राग नाही येत तुला?"

"लिओनार्डचा? अजून येतो. तुला शोधायचं धाडस केलं नाही म्हणून स्वतःचाही येतो. पण हे नाव त्याचं एकट्याचं कधी होतं, ओवेन?"

ओवेनने पुढच्या वळणावर गाडी घराकडे वळवली. मी श्वास रोखून बसलो होतो.

बारसे कॉन्डोच्या पार्टी रूममध्ये होते. पाळणा एका मराठी कुटुंबाकडून मागून आणलेला. बायकांनी पाळणा म्हटला, केया खालून वर आणि वरून खाली झाली, आणि स्वप्नालीबाईंनी विनिफ्रेडबाईंना पुढे केले. "बाळाच्या कानात नाव सांगायचं. नुसतं केया म्हणायचं." चैत्रालीने ते इंग्रजीत सांगितले.

म्हातारी पाळण्यावर वाकली, थांबली आणि पुन्हा ताठ उभी राहिली. "अर्धं नाव मी कुणालाच सांगत नाही," ती म्हणाली. "पूर्ण सांगा. हिचं पूर्ण नाव काय?"

 राजनराव छताकडे बघू लागले. जो विषय कुणी काढायचा नव्हता तो बाहेरून आलेल्या पाहुणीने, तेही पद्धत ठाऊक नसल्यामुळे, सगळ्यांसमोर काढला होता. मित्रांनो, माझ्या सातशे वर्षांच्या आयुष्याचा निकाल आता एका सुताराच्या तोंडून लागायचा होता.

ओवेनने चैत्रालीकडे पाहिले. "तुमच्याकडे मधे वडिलांचं नाव असतं ना?"

"हो. केया ओवेन असं."

"मग तिथे ओवेन नको. माझ्या जागी ऑटर्सगिल लावा." तो सावकाश म्हणाला, एकेक अक्षर मोजून खिळा ठोकावा तसा, "केया ऑटर्सगिल खैरवणकर."

"अहो, पण विमानाच्या तिकिटावर मावणार का हे?" राजनरावांनी विचारले. आवाज मात्र फार बारीक झाला होता आणि चष्मा हातात आला होता.

"तुम्ही गप्प बसा," स्वप्नालीबाई म्हणाल्या.

विनिफ्रेडबाई वाकल्या. बाळाच्या कानाशी तोंड नेऊन त्यांनी ते लांबलचक नाव सांगितले. सांगताच ईशानी आणि इतर बायकांनी रिवाजाप्रमाणे त्यांच्या पाठीत धपके घातले.

"अगं हळू! सत्तरी उलटलीय त्यांची!" स्वप्नालीबाई ओरडल्या. म्हातारी दचकली, कारण समजल्यावर इतकी हसली की तिला खुर्ची द्यावी लागली, आणि खुर्चीवर बसून तिने ओवेनचा हात धरला तो जेवणाची पाने मांडेपर्यंत सोडला नाही.

खरे सांगू? मला शेवटची जागा हवी होती. आडनावाची जागा शेवटी असते. पुढे कुणी माझी शिरगणती केली तर केयाचा ठिपका कदाचित माझ्या रंगात धरणारही नाहीत. चैत्रालीने हे मनाशी हिशेब करून पाहिले असणार, ती तशीच आहे. पण दुसरेही एक सांगतो. आजवर मला मास्तरांनी पुकारले, मुकादमांनी पुकारले, शेडवर रंगवले, दगडावर कोरले. माझ्या देशात लहान बाळाच्या कानात आडनाव कुणी सांगत नाही. त्या दिवशी पहिल्यांदाच मला कुणी इतक्या हळू, इतक्या जवळून उच्चारले. ज्या जागेवर बाप उभा असतो त्या जागेवर एका बापाने मला स्वतः उभे केले. मला कुणी मागे टाकून गेले नव्हते, या वेळी मला दिले होते.

मित्रांनो, तुमच्याही नावामागे असेच कुणीतरी उभे आहे. ते कुठून चालत आले, ते सांगू शकणारे माणूस कदाचित समुद्रापलीकडे गुलाबांना पाणी घालत बसले असेल आणि धाडस होत नाही म्हणून फोन करत नसेल. तुम्ही करा. आणि ज्याच्याकडून नाव मिळाले तो माणूस वाईट निघाला, म्हणून नावाला टाकू नका. ते त्याच्या आधीही कुणाचे तरी होते, आणि तुम्ही जपलेत तर तुमच्यानंतरही कुणाचे तरी होईल. केयाने मला पुढे न्यायचे की नाही, ते ती मोठी झाल्यावर ठरवील. तोवर मी तिच्या नावाच्या मधोमध, ऊब घेत बसलो आहे.