जावयाच्या पुढची सीट

हेलिकॉप्टरमध्ये जागा तीनच. पायलट, त्याच्या शेजारी वाट दाखवायला मी, आणि मागे आगीच्या गोळ्या टाकायचं यंत्र घेऊन माझा जावई. ऑफिसातल्या कॅलमनं हे असं ठरवलं होतं, आणि ठरवून वर हसत होता.

जावयाचं नाव मी घेत नाही. त्याच्याकडे बघत नाही, त्याच्याशी बोलत नाही, तो बसला असेल त्या सावलीत जात नाही. तो माझ्या लेनोराचा नवरा झाला तेव्हापासून असंच आहे, आमच्यात सासू-जावयाची रीतच ती, माझ्या आईच्या वेळीही असंच होतं. कॅलमला हे मी कितीदा सांगितलं असेल. दर वेळी त्यानं मान डोलावली. आता म्हणतो, "एल्वा आंटी, थोडा वेळ तर जायचंय. एकमेकांकडे बघू नका, झालं."

"आणि कानाला ते लावायचं, त्याचं काय?" मी म्हटलं. "मी शिंकले तरी मागे ऐकू जाणार. त्यापेक्षा मला वरच्या पंख्यालाच बांध."

जावई केव्हाच पाण्याच्या टाकीमागे जाऊन उभा राहिला होता. लाजेनं त्याची मान खाली गेली असणार. मी काही बघितली नाही.

दुसरा दिवस मिळणार नव्हता. हेलिकॉप्टर दुपारी पठारापलीकडच्या लोकांकडे जाणार होतं आणि गवत रोज सुकत चाललं होतं. आत्ता, थंडीत लावलेली आग गुडघ्याएवढी उंच चालते आणि रात्री दवानं आपली आपण विझते. ती लावायची राहिली की गरम वारे सुटल्यावर कुठेतरी वीज पडते आणि मग डोंगर पेटतो. गेल्या वर्षी पूर्वेकडची अनबिनिक झाडांची राई अशीच गेली. बापाच्या जमिनीवर आता एकच राई उरली आहे, आणि बाप तिथेच कपारीत निजला आहे. तिच्याभोवती जळका पट्टा करायचा, एवढंच काम. त्यासाठीच मी शहर सोडून या वयात रेंजरचा शर्ट चढवला. नर्स म्हणते, इथे राहिलं की माझी साखर उतरते. राईच गेली तर इथे राहून मी करू काय?

लेनोरा असती तर तिच्यामार्फत नवऱ्याला निरोप गेला असता. पण तिचे दिवस भरत आले म्हणून दवाखान्यानं तिला लांब डार्विन शहरात नेऊन बसवलंय. आमचं म्हणणं कोण विचारतो? राहिला कुत्रा.

"डिझेल," मी कुत्र्याला मोठ्यानं म्हटलं, "नीट ऐक. ओढ्यापासून सुरू कर, लाल कड्यापर्यंत ये. कपारीकडे फिरकू नकोस."

डिझेलनं कान खाजवला. टाकीमागे कोणीतरी खाकरलं, म्हणजे निरोप पोचला. मग, मी आता येतच नाही असं धरून, कॅलम टुणकन माझ्या सीटवर चढून बसला. ते बघून माझं असं टाळकं फिरलं की मी पाठ फिरवली आणि चहा ठेवायला निघून गेले. तिथेच घात झाला.

हेलिकॉप्टर परत आलं तेव्हा डोंगरावर धुराची एक रेघ नव्हती. गोळ्यांचं खोकं भरलेलंच. कॅलम लालबुंद झाला होता. म्हणाला, तुमच्या माणसानं वर जाऊन यंत्राला हात लावला नाही, आणि का ते सांगतही नाही. मग हेलिकॉप्टर गेलं आणि कॅलमही त्यातूनच गेला.

ते पार दिसेनासं झाल्यावर टाकीमागून आवाज आला. "डिझेल, मी परक्या कुळाचा. डोंगरात निजलेल्या म्हाताऱ्यांना माझी ओळख कुणी करून दिली नाही. ओळखदेख नसताना लोकांच्या घरात विस्तव कसा टाकू?"

बरोबर होतं त्याचं. आमच्या म्हाताऱ्यांना हाक मारून, कोण येतंय ते सांगायचं काम माझं. रागाच्या भरात मी ते विसरले. तरी संताप आवरेना. अरे गाढवा, टाकायची होतीस, म्हाताऱ्यांना मी नंतर समजावलं असतं! पण जावयाला गाढव म्हणायचीही सोय नाही. कुत्र्याला म्हटलं. त्यानं शेपूट हलवली.

मग म्हाताऱ्यांना हाक मारायला मी सोबत आहेच की, असं म्हणून काडेपेट्या घेऊन आम्ही पायीच निघालो. तो ओढ्याकडून, मी कड्याकडून. गवत छान धरत होतं. पण त्याचा धूर जवळ आला तशी मी थांबले, आणि माझा दिसला तसा तोही थांबला. मधे चांगलं धावपट्टीएवढं गवत उभंच राहिलं. मी बाजूला होण्याची वाट तो बघत असावा. मी त्याची बघत होते. एकमेकांचा मान राखत आम्ही तसेच बसलो आणि दव पडायला लागलं. काडी पेटायची, गवत पेटायचं नाही. एवढं राबून कुंपण केलं आणि त्याचं फाटक सताड उघडं राहिलं.

उरलेलं एकट्या माणसाचं काम होतं. माझा गुडघा सुजून भोपळा झाला होता. बापाच्या राईभोवतीची शेवटची काडी माझ्या हातची असावी, म्हणून तर ती सीट मला हवी होती.

सकाळी दव वाळल्यावर टाकीजवळ उभी राहिले आणि डोंगराकडे तोंड करून हाक मारली. नाव तर घेता येत नव्हतं.

"बाबा, मी एल्वा. आज मी येत नाही. एक जण येतोय. लेनोराच्या पोटात आहे ना, त्या लेकराचा बाप. त्याला वाट चुकवू नका. माझ्यामागे तुमच्याकडे बघायला त्याचंच लेकरू येणार आहे."

टाकीमागे काडेपेटी खुळखुळली. मग पावलं दूर गेली. डिझेलही त्याच्या मागे गेला.

तो चढणीवर दिसणार म्हणून मी डोंगराकडे पाठ करून बसले. धूर मला बघता आला नाही. वास तेवढा आला.