घारे डोळे आणि जाड टाचा

त्यांच्या घराण्यात बाळाचे डोळे घारे निघाले की सगळे हळहळायचे. आजोबा घारे होते, ते पंचावन्नाव्या वर्षी हृदयविकारानं गेले. मधला भाऊही घारा, तो तर अठ्ठेचाळिसाव्या वर्षीच. त्यामुळे थोरल्या भावाची मुलगी, जिला घरात घारीच म्हणत, शाळेच्या पोहण्याच्या संघात निवडली गेली तेव्हा त्या भावानं तिला पाठवायला साफ नकार दिला.

घारी तडक आत्याकडे आली आणि ढसाढसा रडली. आत्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची. भावाची भीती तिला कळत होती. पण दोन माणसांवरून काढलेला निष्कर्ष तिच्या गळी उतरेना.

तिनं दीड महिना सगळ्या गोतावळ्याचा पिच्छा पुरवला. चाळिशी गाठलेले ब्याऐंशी जण, हयात आणि गेलेले. डोळे कसे, हृदयाचा त्रास झाला का, शरीरात आणखी काही वेगळं होतं का. एक चुलत बहीण सहज बोलून गेली, की तिच्या वडिलांना बूट कधी धड बसले नाहीत, टाचेमागची शीर जाड आणि गाठीची होती. ते वडीलही हृदयविकारानंच गेले होते, म्हणून आत्या चमकली. तिनं पुन्हा सगळ्यांना फोन लावले. लोक वैतागले, पण सांगते झाले.

मग ती कागद घेऊन भावाकडे गेली.

"दादा, घारे सत्तावीस. डोळ्यांचा काही संबंध नसता, तर त्यांतल्या आठ जणांना त्रास व्हायला हवा होता. झाला किती जणांना? आठच."

"आणि हे दुसरं कोष्टक कसलं?"

"टाचांचं. गाठी असलेले वीस जण. निव्वळ योगायोग असता तर सहा आजारी पडले असते. पडले सोळा. हा नुसता योगायोग आहे का, ते काय-स्क्वेअर चाचणीत कळतं; तिच्यात चारच्या वर आकडा गेला की आम्ही कान टवकारतो. इथं तेहतीस आलाय. आपण सगळे एकाच रक्ताचे, एकमेकांपासून सुटे नाही, आणि चाचणी तसं धरून चालते, म्हणून मी यालाच पुरावा म्हणणार नाही. पण डॉक्टरांकडे जायला एवढं पुरेसं आहे."

भावानं मोजा काढला आणि पाय पुढे केला. टाचेमागे दोन टणक गाठी होत्या.

डॉक्टरीणबाईंनी कोष्टक दोनदा वाचलं. त्या म्हणाल्या, की काही घराण्यांत जन्मापासून कोलेस्टेरॉल जास्त असतं आणि ते टाचेमागच्या शिरेत साठतं, तसंच हृदयाच्या रक्तवाहिन्यांतही. भावाचं रक्त तपासलं, आकडा भलताच वर होता. औषध त्याच दिवशी सुरू झालं.

"वेळेत आलात," बाई म्हणाल्या.

घारीचं रक्त अगदी स्वच्छ निघालं. तिनं वडिलांच्या गळ्यात हात टाकले आणि सोमवारी तलाव गाठला.

पुढच्या महिन्याभरात नात्यातले अकरा जण वेळीच सापडले. त्यांतले सात भावानं स्वतः हुडकले. भेटेल त्या नातलगाला तो दारातच मोजे काढायला लावत होता.