बेटावरचा शेवटचा पाहुणा

पूर्णेच्या दोन धारांमध्ये एक बेट होतं आणि त्या बेटावर जमुनाबाईची धर्मशाळा होती. आसपासच्या खारपाणपट्ट्यात विहीर खणावी तर मिठासारखं पाणी लागायचं. बेटावरच्या विहिरीचं मात्र गोड. अकोल्याहून एलिचपूरकडे जाणारा वाटसरू त्या पाण्यासाठी मुद्दाम वाट वाकडी करून यायचा आणि एक रात्र म्हणता म्हणता दोन रात्री राहायचा. माळ्यांची भरली वस्ती होती. वाळूत डांगरवाड्या, म्हणजे खरबुजांचे मळे होते, आणि उन्हाळ्यात डांगरांचा वास पार पल्याडच्या काठापर्यंत जायचा.

मग साता समुद्रापलीकडे कुठंतरी गोऱ्यांची आपसात लढाई जुंपली आणि इकडं वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आला. कोणाचं काय तर कोणाचं काय! कापसाच्या बैलबंड्यांसाठी सरकारनं लांबून नवी सडक काढली, वाटसरू तिकडं वळले. बेटाच्या वाळूत कापसाची पऱ्हाटी येत नाही, म्हणून तरणीताठी माणसं काळ्या मातीच्या मागं लागली. एकेक चूल विझत गेली. आता उरलं होतं दीड घर: एक जमुनाबाईच्या मुलाचं, सूर्यभानचं, आणि अर्धं धर्मशाळेचं.

त्या दीड घराचंही चंबूगबाळं बांधून झालं होतं. सूर्यभानला मूर्तिजापूरच्या बाजूला बटईनं, अर्ध्या पिकाच्या बोलीवर, काळी जमीन मिळाली होती. मालकानं बजावलं होतं, पाडव्याच्या सकाळी तुझं वखर शेतात उभं दिसलं पाहिजे, नाहीतर दुसरा तयारच आहे. सूर्यभाननं यंदा वाळूत डांगरं लावलीच नव्हती. जमुनाबाई रोज सकाळी ती उघडी वाळू पाहायची आणि तिला भरल्या घरात सुतक असल्यासारखं वाटायचं. तिला जायचं नव्हतं. पण मुलाला तसं म्हणायला तिच्याकडं तोंड नव्हतं. वाळू खाऊन काय पोट भरतं?

अशात नत्थुजी आला.

नत्थुजी अमरावतीच्या बाजारात कापसाचा मापारी होता. दिवसभर काट्यापाशी उभं राहून वजनं ओरडायची, हेच काम. ओरडून घसा बसला होता, छातीत कापसाची धूळ भरली होती. वैद्यानं सांगितलं, गोड्या पाण्यावर जाऊन पड. कोणीतरी बेटाचं नाव घेतलं आणि हा डोंग्यातून उतरला तो खोकतच उतरला. बाजेवर पडला, आणि उठला तो थेट दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आल्यावर.

आता इथं बेटाचा एक जुना कायदा सांगायला हवा. कोण्या एका काळी रातोरात पूर आला, गाव जीव घेऊन पळालं, आणि धर्मशाळेत निजलेल्या गोसाव्याला उठवायचं राहून गेलं. तो पुन्हा कोणाला दिसला नाही. तेव्हापासून धर्मशाळेत पाहुणा असेपर्यंत बेट सोडायचं नाही. पाहुण्याला ‘जा’ म्हणायचं नाही, आणि हा कायदा त्याला सांगायचाही नाही. सांगणं म्हणजे हाकलणंच झालं.

नत्थुजीला खोकताना पाहून जमुनाबाईला त्याची दया आली, हे खरं. पण त्याच घटकेला तिच्या मनात दुसरंही काही आलं: हा जितके दिवस खोकेल, तितके दिवस बेट बेट राहील.

ती त्याला चुलीवरची भाकर द्यायची, वांग्याचं भरीत द्यायची, शेळीचं दूध द्यायची. नदीवरून वारा यायचा, टिटवी ओरडायची, बाकी आवाज म्हणून नाही. नत्थुजीच्या तोंडावर रंग चढला. आधी झोपेतसुद्धा वजनं पुटपुटायचा, ते बंद झालं. दुपारी विहिरीच्या थारोळ्यात पाय सोडून तो नुसता बसून राहायचा. खोकला तेवढा जात नव्हता. जाईल कसा? संध्याकाळच्या ताटात जमुनाबाई कवठाची चटणी वाढत होती, चांगली आंबट. ‘खाई त्याला खवखवे’ म्हणतात, पण इथं घसा खवखवायचा खाणाऱ्याचा आणि चोर बसला होता वाढणारीच्या मनात.

“अजून खोकला हाय तुमाले,” ती म्हणायची. “असे कसे जासान? राहा आनखी.”

“राहतो बाप्पा,” नत्थुजी म्हणायचा आणि बोटानं चटणी चाटून पुसून खायचा.

पाडवा जवळ आला. सूर्यभानचे बैल पल्याडच्या काठावर ओळखीच्याकडं बांधून ठेवले होते. बंडी तिथंच भरून उभी होती. तो रोज एकदा काठावर जाऊन तिकडं बघायचा आणि परत यायचा. त्याची बायको कौशल्या हिनं जातं बांधून ठेवलं होतं; पाहुण्यासाठी ते सोडलं, पुन्हा मांडलं आणि दळायला बसली. त्या जात्याची घरघर जमुनाबाईला आपल्याच छातीत ऐकू यायची.

पाडव्याच्या आदल्या दिवशी सकाळी नत्थुजीच अंगणात सूर्यभानला म्हणाला, “लय दिस झाले मले. तुमाले तरास त नाई होऊन राहिला?”

जमुनाबाई चुलीपाशी होती. तिचा हात थांबला. सूर्यभानचा एक शब्द पुरे होता. ‘होतो’ म्हणाला असता तर? जमीन टिकली असती, वखर उभं राहिलं असतं, आणि म्हातारीच्या लबाडीचं पाप कोणाला न कळता तिच्याजवळच राहिलं असतं.

“तरास कायचा जी?” सूर्यभान म्हणाला. “घाई नोका करू. पुरते बरे होऊन मंगच जा.”

आणि तो नत्थुजीच्या आंघोळीचं पाणी काढायला विहिरीकडं गेला. त्याची पाठ पाहून जमुनाबाईला रडूच आलं. कायदा पाळत होता तो पोरगा. आपण नुसता वापरत होतो. पाहुण्याची राखण करायला बसवलेली बाई पाहुण्याला आजारी ठेवते आहे, याला काय म्हणावं? तिला स्वतःची लाज वाटली, चारचौघांत वाटावी तशी.

ती पदरानं तोंड पुसून नत्थुजीपुढं येऊन बसली.

“पाहुणे, तुमचा खोकला माह्या चटणीनं जात नाई. मी जानून देत होती. तुमी गेले का आमाले बी बेट सोडा लागते. आमच्यात पाहुना असला का निघता येत नाई. पोराले उद्या सकाळी वावरात हजर राहा लागते, नाईत जमीन जाते त्याची.”

नत्थुजीनं विचारलं,

“काहून नाई सांगतलं मले?”

“सांगत नसतात.”

“आन् चटणीचं म्हनसान त,” तो खाली बघत म्हणाला, “कवठानं खोकला वाढते, हे का मले समजत नाई, माय? लहान लेकराले समजते. पर खोकला गेला असता त मले बजारात जा लागलं असतं. तिथं पुन्हा तेच ओरडनं. इथं कोनी ओरडत नाई.”

म्हणजे चोर एक नव्हता, दोन होते. जमुनाबाईला रडता रडता हसू आलं. मग तिनं तो शब्द उच्चारला, जो तिच्या सासूनं, सासूच्या सासूनं कधी तोंडातून काढला नव्हता.

“जा आता, नत्थुजी.”

तो तिच्या पाया पडला. सूर्यभाननं त्याला पल्याड सोडलं. डोंगा जाताना नत्थुजीनं एकदाही मागं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर परत आला असता.

आता फक्त धर्मशाळेची चूल विझवायची आणि निघायचं. ते काम राखणदारणीचं. जमुनाबाई पाण्याचा गडवा घेऊन आत गेली. चुलीत निखारे होते. तिच्यानं हात उचलेना. जरा टेकावं म्हणून ती नत्थुजीच्या बाजेवर बसली. या घरात सून म्हणून आल्यापासून तिनं ही बाज हजारदा झाडली होती, पण तिच्यावर कधी पाठ टेकली नव्हती. टेकली. नदीवरून वारा आला. टिटवी ओरडली. हे असं सुख आपण जन्मभर दुसऱ्यांना देत होतो होय, असं तिच्या मनात आलं, आणि तिचा डोळा लागला.

जागी झाली तेव्हा ऊन उतरून दारातून आत आलं होतं. ती दचकली. मूर्तिजापूर गाठायचं म्हणजे रात्रभर बंडी हाकायची. मघाच निघायला हवं होतं! बाहेरून कौशल्याचा दबका आवाज आला.

“उठवा ना त्याईले. दिवस बुडून राहिला. वावर जाईन हातचं.”

“हळू बोल,” सूर्यभान म्हणाला. “धर्मशाळेत पाहुनी निजली हाय.”

जमुनाबाई थोडा वेळ तशीच पडून राहिली. मग उठली. पाहुणे करायचे तशी तिनं वाकळेची घडी घातली, बाजेच्या उशाला ठेवली आणि चुलीवर पाणी ओतलं. रिकामा गडवा विहिरीवर भरून घेतला, वाटेत प्यायला.

“चाला,” ती बाहेर येऊन म्हणाली. “लय चांगली झोप लागली मले.”