पुलापलीकडे नेलेली चोरटी

मित्रांनो, रॅकून पकडणारा मी एक जुना पिंजरा आहे. अमेरिकेतल्या ओहायो नदीकाठच्या गावात, वेंडेल हॅस्केटच्या गॅरेजमध्ये मी टांगलेला असतो. आतल्या पत्र्यावर पाय पडला की माझे दार कोसळते. एवढीच माझी विद्या. मांजराहून थोड्या मोठ्या, झुबकेदार शेपटीच्या या रॅकूनबद्दल मला तिळमात्र प्रेम नाही. डोळ्यांवरच्या काळ्या पट्ट्यामुळे लोक त्याला गोंडस म्हणतात. तो कोंबड्यांच्या माना तोडतो, आणि त्याच्या विष्ठेतले जंत तान्ह्या मुलाच्या मेंदूपर्यंत पोहोचू शकतात.

त्या वसंतात एक रॅकून हॅस्केटांच्या माळ्यावर शिरला. खालच्याच खोलीत पाळणा मांडलेला होता. त्यांची लेक ट्रूडी बाळाला घेऊन तिथेच येणार होती. वेंडेलने माझ्यात मार्शमॅलो, म्हणजे साखरेचे मऊ गोळे, ठेवले, कारण मासळी ठेवली की शेजाऱ्यांचे मांजर अडकते. भर दुपारी दार कोसळले.

"दिवसाढवळ्या हिंडतोय, म्हणजे पिसाळलेलाच!" वेंडेल म्हणाला. "अख्ख्या गावाला माहितेय."

त्याची बायको लोरीन वाकून पाहू लागली. "पिसाळलेला असा मिटक्या मारत खाईल? पोट बघ हिचं, आचळं दुधानं भरलीयत. लेकुरवाळी आहे रे! भुकेपोटी दिवसा बाहेर पडलीय. पिल्लं वर असणार."

"चोराचं पोट कशाला बघायचं? उद्या बारसंही करशील!"

गावाला माहीत असणे हा पुरावा नव्हे. पण त्याने मला गाडीत घातले आणि पुलापलीकडे नेऊन तिला सोडून दिले.

संध्याकाळी माळ्याखालच्या भिंतीच्या पोकळीतून पिल्लांचे रडणे सुरू झाले. तिथवर हात पोहोचेना. मला घेऊन वेंडेल पुलापलीकडे धावला, पुन्हा मार्शमॅलो मांडले. तीही दूरवर दिसली. मात्र माझ्याकडे पाहून झाडीत निघून गेली. एकाच दारात दोनदा फसणे हा माणसाचा गुण आहे.

रडणे थांबले. मग वास सुटला, माश्या आल्या, भिंत फोडावी लागली. ट्रूडी बाळाला घेऊन सासरीच राहिली. वेंडेलने रिकामा पाळणा स्वतःच उचलून ठेवला.

मित्रांनो, रॅकूनला हाकला, अवश्य हाकला. कचऱ्याची झाकणे घट्ट लावा, छपराची भोके बुजवा. पण आधी आत कोण उरले आहे, ते पाहा. हल्ली कोणी मला मागायला आले की वेंडेल लगेच देत नाही. आधी विचारतो, "भिंतीला कान लावून ऐकलंस का?"