शिपायाचा सलाम

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी सरड्याला दोन्ही तळव्यांवर उचलून वजनकाट्यावर ठेवले, आकडा पाहिला आणि विश्वास न बसून पुन्हा एकदा ठेवले.

"बारा दिवसांत काहीच खाल्लं नाही?"

"एक पानसुद्धा नाही," नात म्हणाली. हा पाळलेला, दाढीवाला सरडा तिचाच होता.

आजी खुर्चीत ताठ बसल्या होत्या. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून वीस मिनिटे झाली होती. परगावच्या प्राणिसंग्रहालयातली चालून आलेली नोकरी नको, असे नातीने पाचच्या आत फोनवर कळवायचे होते. आजोबांच्या मागे आजींनी एकहाती चालवलेला छापखाना आता तिने सांभाळायचा, हे सकाळीच ठरले होते. ठरले म्हणजे आजींनी सांगितले होते आणि नात "हो, आजी" म्हणाली होती.

सरड्याची हनुवटीखालची काटेरी दाढी काळी पडली होती. आजी जरा पुढे झुकल्या. त्याबरोबर त्याने पुढचा एक पाय उचलला, हवेत संथपणे फिरवला आणि खाली टेकवला.

"बघितलंत?" आजी खुलल्या. "सलाम करतो मला. म्हणून तर मी त्याला शिपाई म्हणते. आमच्या घरात शिस्त कळते ती एवढ्या एकाला. बाकी सगळा आनंदीआनंद!"

"कधी करतो असं?"

"रोज सकाळी मी त्याच्या पेटीच्या काचेवर काठी वाजवते. त्याने पाय उचलल्याशिवाय मी चहाला हात लावत नाही. हल्ली तर दिवसभर चालू असतं. मुद्दाम त्याची पेटी माझ्या खुर्चीसमोर आणून ठेवायला लावली."

डॉक्टरीणबाईंनी हातमोजे काढले. ते काढायला त्यांना जरा जास्तच वेळ लागला.

"आजी, हे प्राणी माणसं ओळखतात. कोण खायला घालतं, कोण काय करतं, सगळं लक्षात ठेवतात. पण हा सलाम नाही. आपल्याहून बलवान कुणी समोर आलं की हे असा पाय उचलतात. मी लहान आहे, मला मारू नका, एवढंच सांगत असतो तो."

"मी त्याला कधी बोट लावलेलं नाही!"

"लावावं लागत नाही. दिवसभर पायच उचलत बसला, तर खाणार कधी?"

नात हसली नाही. ती वजनकाट्याच्या कडेवरची धूळ बोटाने पुसत होती. तिथे धूळ नव्हती.

"मग औषध काय?"

"औषध नाही. काही दिवस तुम्ही त्याला दिसू नका."

असे आजींना आजवर कोणी सांगितले नव्हते. काठीवरची त्यांची मूठ आवळली, सैल झाली. त्यांनी नातीकडे पाहिले.

"सकाळी मी नोकरीचं म्हटलं, ते तुला खरंच..."

"हो, आजी."

प्रश्न अजून पुरा झाला नव्हता.

चार चाळीस. आजी उठल्या.

"मी बाहेर बसते. तुला काय कळवायचं ते कळव त्यांना."

"म्हणजे... काय कळवू, आजी?"

उत्तर ओठांवर तयार होते. पन्नास वर्षे ते तयारच असे. आजींनी ते गिळले आणि दार ओढून घेतले.

बाहेरचा बाक दवाखान्याच्या काचेला लागून होता. आजी काचेकडे पाठ करून बसल्या. आतून नातीचा फोनवर बोलण्याचा आवाज आला, आधी अडखळत, नंतर सलग. शब्द कळत नव्हते. आजींची मान दोनदा वळू पाहत होती. त्यांनी ती वळू दिली नाही.