मोठ्या आवाजाची गिटार

"ती नको. ती मोठी काढ," नांग लुडिविना म्हणाली. म्हणाली म्हणजे कुजबुजली.

मी मोठी गिटार खुंटीवरून उतरवून तिच्या नवऱ्याच्या, नोय तेओफ्रेदोच्या हातात दिली. वयानं मोठ्या बाईला आम्ही नांग म्हणतो, पुरुषाला नोय. त्याच्या मांडीवर अजून लहानी होती आणि ती सोडायला तो तयार नव्हता. दोन लेकरं एकदम कडेवर घेतलेल्या बापासारखा अवघडून बसला होता.

गिऱ्हाईक काय घेऊन जाणार हे मला एरवी पाच मिनिटांत कळतं. पोरं पॉलिश बघतात, पाहुणे किंमत बघतात, चर्चवाले आवाज बघतात. मधल्या किमतीच्या गिटारी मी मधल्याच रांगेत टांगते आणि आमच्या आबुनो गावातली बहुतेक माणसं तिथंच थांबतात. हे दोघं मात्र तासभर थांबले होते. मोठी रुंद अंगाची, स्टीलच्या तारांची. एकदा छेडली की रस्त्यावरच्या ट्रायसिकलवाल्यानं वळून बघावं. लहानी फणसाच्या लाकडाची, नायलॉनच्या तारांची, गोड पण दबकी. किंमत दोन्हींची सारखीच, त्यामुळे नाही म्हणायला पैशाचं निमित्तही कुणाकडे नव्हतं.

"नांग, नोयला लहानी आवडलीय गं," मी म्हटलं. "मोठी त्याच्या पोटावर राहतसुद्धा नाही."

"पोट कमी कर म्हणावं."

"चॅपेलला लहानी पुरे," नोय म्हणाला.

"मागच्या बाकापर्यंत पोचायला नको?"

"मागच्या बाकावरचे झोपायलाच येतात."

नांग हसली नाही. एरवी हसली असती, आणि तिचं हसणं चार घरं पलीकडे ऐकू गेलं असतं. सव्वीस वर्षं संत सान रोकेच्या फिएस्ताआधीचे, म्हणजे जत्रेआधीचे, नऊ दिवस चॅपेलमध्ये ती त्याच्या स्तोत्राची कडवी म्हणत आली. एकटी. मागे फक्त नोयची गिटार. त्यांची जुनी गिटार डिसेंबरच्या वादळात छपराबरोबर गेली आणि मार्चमध्ये नांगच्या गळ्यातली गाठ काढली. गाठ साधी निघाली म्हणून आम्ही सगळ्यांनी देवाचे आभार मानले. आवाजाचं कुणी विचारलं नाही. तेव्हापासून ती गळ्याला रुमाल बांधून फिरते आणि कुणी हाक मारली तर हात हलवते. नऊ दिवस शुक्रवारी सुरू होणार होते. ती म्हणणार की नाही, हे विचारायची हिंमत आख्ख्या वस्तीत कुणाला झाली नव्हती.

शेवटी नोयनं लहानी बाजूला ठेवली. लग्न झाल्यापासून तो हेच करत आलाय. "बरं, मोठी तर मोठी. पण म्हणून बघ, जुळतं का."

त्यानं सूर धरला आणि दुकान दणाणलं. नांगनं आमच्याकडे पाठ केली, भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणू लागली. मला बाजूनं तिचे ओठ हलताना दिसले, ऐकू मात्र काही आलं नाही. तिचा चेहरा हळूहळू सैल झाला. ती गिटार तिला का हवी होती ते मला तेव्हा उमगलं.

नोयलाही उमगलं असणार. त्यानं मध्येच तारांवर तळवा ठेवला.

दुकानात नांगचा आवाज एकटाच उरला. जाडा, भरड, पार तळाशी गेलेला. दोन शब्द आले आणि तिनं तोंडावर हात धरला.

"लाज काढलीस माझी," ती वळून म्हणाली. डोळे भरले होते. "इंदायसमोर!" तिनं माझ्याकडे बोट दाखवलं.

"कसली लाज? घरात नळ सोडून बोलतेस तू. मी काही विचारलं तर मान हलवतेस. पाच महिने झाले, लांग्गा, लाडके."

"तो आवाज गेला, फ्रेदो."

"गेला तो गेला. आहे तो तरी मला दे की. मला घरात करमत नाही गं."

मी फडकं घेऊन गल्ल्यावरची धूळ पुसायला लागले. धूळ नव्हती. मला रडू येत होतं आणि दुकानदारानं गिऱ्हाइकासमोर रडू नये, एवढी शिस्त मला आहे.

मग नांगनं मोठी त्याच्या हातातून काढून माझ्याकडे दिली आणि बाकावरची लहानी उचलून त्याच्या मांडीवर ठेवली.

"खालच्या पट्टीत घे."

त्यानं घेतली.

"अजून खाली. अरे तिथं नाही, म्हातारड्या, अजून खाली!"

सव्वीस वर्षांत त्यानं ते कडवं त्या पट्टीत कधी वाजवलं नव्हतं. बोटं चाचपडत होती. पण सापडली. नांगनं जमिनीकडे बघत कडवं सुरू केलं. वरच्या जागेला आवाज फाटला, तेव्हा ती जागा तिनं तशीच सोडली आणि पुढं गेली. गिटार इतकी हळू होती की तिचा प्रत्येक श्वास ऐकू येत होता. कडवं संपलं. ती थांबली, निकालाला थांबावं तशी.

मागच्या पडवीत माझा भाऊ आणि तिघं कारागीर गिटारींच्या पाठी घासत बसले होते. आमच्याकडे कडवं एकानं म्हणायचं आणि पालुपद सगळ्यांनी उचलायचं. हातात झाडू असो, नाहीतर चुलीवर भात, कडवं कानावर पडलं की कुणी ते तसंच लोंबकळत ठेवत नाही. त्या चौघांनी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. पॉलिश पेपर घासता घासताच, तिच्याच खालच्या पट्टीत, नेहमीसारखं जरासं बेसूर, त्यांनी पालुपद म्हणून टाकलं.

नांग माझ्याकडे बघत राहिली. मग रुमालाच्या टोकानं तिनं नाक पुसलं. पालुपद संपत आलं तरी नोय गिटार विसरून तिच्याच तोंडाकडे बघत होता. तिनं त्याच्या गुडघ्यावर एक चापट मारली आणि दुसरं कडवं सुरू केलं.