तेरा गुंड्यांचे दार

मित्रांनो, मी एक जुना तंबू आहे. चार माणसे आरामात झोपतील एवढा, फिकट हिरव्या जाड कापडाचा. बहुतेक तंबूंच्या दाराला चेन असते. माझ्या दाराला तेरा लाकडी गुंड्या आहेत. तळावर शेजारी उभ्या असलेल्या नव्या तंबूंतली माणसे त्या पाहून हसतात. हसू देत. त्या गुंड्या कशा आल्या ते मी तुम्हाला सांगतो, मग तुम्हीही हवे तर हसा.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. पहिल्या टेबलावर कापड बेतायचे, मधल्या टेबलांवर शिवायचे आणि शेवटच्या टेबलावर दाराला चेन बसवायची. तिथल्या बाईंनी माझी चेन तीनदा वरखाली ओढून पाहिली, खूश होऊन मान हलवली आणि मला पुढे सरकवले. माझ्या वाट्याला आलेली ती पहिली शाबासकी. चेन पितळी होती, बोटाएवढी रुंद, आणि ओढली की सगळ्या तळाला ऐकू जाईल असा भारदस्त आवाज करायची. मला तिचा गर्व होता, हे कबूल करतो.

मला विकत घेतले आमच्या घरातल्या मुलीच्या आजोबांनी. ते डोंगरातल्या झाडांचे घेर मोजायचे. त्यांची ती नोकरीच होती. बारा वर्षे मी त्यांच्याबरोबर जंगलात राहिलो. पाठीवर पाऊस झेलला, एकदा गारा झेलल्या. आजोबा मला पूर्ण वाळवल्याशिवाय कधीही घडी घालत नसत आणि खुंट्या मोजल्याशिवाय पिशवी बांधत नसत. मग त्यांचे गुडघे कुरकुरू लागले, ते निवृत्त झाले आणि मी माळ्यावर गेलो. एका फाटक्या गादीखाली मी अकरा वर्षे काढली. तिथे बघायला काही नव्हते, पण ऐकू सगळे येत असे. आजोबा गेल्याचे मी तिथूनच ऐकले. पुढे एका दिवशी फरशीवर नखांचा टकटक आवाज झाला आणि घरात एक कुत्री आल्याचेही मी तिथूनच ऐकले. शेपटी दोऱ्यासारखी बारीक, म्हणून तिचे नाव पडले सुतळी.

मग एका वर्षी मला खाली काढले. आई, बाबा आणि चौथीतली मुलगी या तिघांना आणि सुतळीला तीन दिवसांसाठी डोंगरातल्या जंगलात राहायला जायचे होते. आई रुग्णालयात परिचारिका. तिची रजा दोनदा नामंजूर होऊन तिसऱ्यांदा मंजूर झाली होती. तिने फ्रिजवर यादी लावली. माणसांची यादी निम्म्या पानात संपली. सुतळीची पानाच्या मागेही गेली: लांब दोर, पाण्याचा वाडगा, गोचीड काढायचा चिमटा, पंजांना लावायचे मलम, लसीचे कागद. तिने पाच तळांना फोन केले. चौघांनी कुत्रा म्हणताच नाही म्हटले. पाचव्या तळावरचा वनरक्षक 'या' म्हणाला, पण दोन अटींवर. कुत्री कायम बांधलेली हवी आणि अंधार पडल्यापासून उजाडेपर्यंत ती तंबूत हवी, दार पूर्ण बंद करून. जंगली जनावरे तळाच्या कडेने जातात, त्यामुळे यात सवलत नव्हती. अट पाळता येणार नसेल तर फाटकातूनच परत पाठवीन, असे त्याने आधीच सांगून टाकले.

बाबा छापखान्यात पुस्तके बांधतात. आधी कच्ची प्रत करून पाहिल्याशिवाय ते कशालाच हात घालत नाहीत. निघायला दहा दिवस असताना त्यांनी मला दिवाणखान्यात उभा केला. फरशीत खुंट्या ठोकता येत नाहीत, म्हणून माझे दोर जेवणाच्या टेबलाला, खिडकीच्या गजांना आणि कपाटाच्या मुठीला बांधले. कोणी कपाट उघडले की मी वाकून नमस्कार करी.

सुतळी आनंदाने आत आली. तिने माझा कोपरा न् कोपरा हुंगला, स्वतःभोवती तीन गिरक्या घेतल्या आणि बसली. मग मुलीने माझी चेन ओढली. अर्धी ओढून होईपर्यंत सुतळी टेबलाखाली पोचली होती. ती थरथरत होती. त्यानंतर माझ्या दाराशी यायलाही ती तयार होईना.

दोष माझ्यावर आला. अकरा वर्षांचा कुबट वास, असे बाबांचे मत पडले. मला साबणाने दोनदा धुतले, गच्चीवर उन्हात टांगले. मग आतला अंधार तिला नको असेल म्हणून विजेरी लावली. मग तिचे पांघरूण आणून घातले, खाण्याचा वाडगा आणून ठेवला. शेवटी तंबूत काही भीती नाही हे दाखवायला बाबा स्वतः दोन रात्री माझ्यात झोपले. शेजारच्या काकांनी खिडकीतून ते पाहिले आणि वहिनींशी काही बिनसलंय का, असे हळूच विचारले. सुतळीने टेबलाखालून फक्त पाहिले.

तीन दिवस उरले. बाबा खिडकीवाला नवा तंबू बघून आले. आईने मन घट्ट करून कुत्री सांभाळणाऱ्या केंद्राला फोन केला आणि जागा राखून ठेवायला सांगितले. मागच्या वर्षी तिथे दोन दिवस ठेवले तेव्हा सुतळीने वाडग्याला तोंडही लावले नव्हते, हे सगळ्यांना आठवत होते. मुलीने कपड्यांच्या ढिगातून आपले कपडे एकेक करून काढले आणि कपाटात परत नेऊन ठेवले. मी तेवढ्या वेळा वाकलो.

"हे काय चाललंय?" आईने विचारले.

"सुतळी नाही तर मी पण नाही. तिच्याजवळ कोणीतरी नको?"

त्याच संध्याकाळी आत्या आली. ती बाबांची मोठी बहीण, शाळेचे गणवेश शिवते. सगळे जंगलात गेल्यावर घर आणि कुंड्या सांभाळायला तिला बोलावले होते. सुतळी धावत जाऊन तिचे हात चाटू लागली. आत्याने खाली बसून आपली बॅग उघडली, तशी सुतळी उठून टेबलाखाली गेली. आत्याने बॅगेची चेन बंद केली, पुन्हा उघडली, या वेळी सावकाश, सुतळीकडे बघत. मग तिने भाचीचे दप्तर मागवले आणि तेही उघडून मिटून पाहिले.

"दप्तर भरताना ती नेहमीच जाते," मुलगी म्हणाली. "मी शाळेत जाते म्हणून रुसते."

"रुसत नाही गं." आत्या बाबांकडे वळली. "तंबूला नाही घाबरत ती, चेनला घाबरते. दोनदा धुतलास ना रे त्याला? एकदा तिच्याकडे बघितलं असतंस तर साबण तरी वाचला असता."

बाबा हसायला गेले, पण आईचा चेहरा पाहून थांबले.

"ती बॅगेत सापडली होती," आई म्हणाली. "जनावरांच्या दवाखान्याच्या पायरीवर. कोणीतरी पिल्लाला बॅगेत घालून, चेन लावून ठेवून गेलं होतं. डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, ताई. सहा वर्षं झाली. माझ्या डोक्यातच आलं नाही."

आत्याने बॅगेतून कात्री काढली.

मित्रांनो, खरे सांगतो, मला वाईट वाटले. बारा वर्षे जंगलात एकदाही न अडकलेली माझी चेन टाक्यांसकट उसवून निघाली. आजही ती आत्याच्या पत्र्याच्या डब्यात पडून आहे. तिच्या जागी आत्याने दाराची दोन्ही पाखे वीतभर एकमेकांवर येतील अशी वाढवली आणि लहान मुलांच्या कोटांसाठी आणून उरलेल्या लाकडी गुंड्या लावल्या. मोजून तेराच निघाल्या. बसवायला दोन संध्याकाळी लागल्या.

निघायच्या आदल्या दिवशी मुलगी माझ्यात जाऊन बसली. तिने सुतळीला हाक मारली नाही, की ओढले नाही. ती नुसती बसून राहिली. बऱ्याच वेळाने सुतळी आली. मुलीने पहिली गुंडी लावली. आवाज झाला नाही. दुसरी, तिसरी. सुतळी प्रत्येक गुंडीकडे मान तिरकी करून पाहत होती. नवव्या गुंडीला तिने जांभई दिली. तेराव्या गुंडीला तिने पंजांवर डोके टेकले. बाहेर आई आणि बाबा श्वास रोखून उभे होते. मग आई स्वयंपाकघरात गेली आणि केंद्रात राखलेली जागा तिने रद्द केली.

तळावर वनरक्षकाने माझे दार पाहून भुवया उंचावल्या. त्याने एकेक गुंडी ओढून पाहिली, पाखांच्या मध्ये हात घालून पाहिला आणि कोणी शिवले म्हणून विचारले.

"माझ्या आत्यानं."

"चार महिने झाले, माझ्या जॅकेटची चेन तुटलीये," तो म्हणाला. "विचारून ठेव तिला." आणि त्याने फाटकाचा आडवा बांबू वर केला.

अकरा वर्षांनी माझ्या खुंट्या मातीत शिरल्या. उंच झाडांचा वास आला. मुलगी आजोबांसारखी झाडांचे घेर मोजत हिंडली. तिच्या कमरेला लांब दोर आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला सुतळी. पहिल्याच रात्री काहीतरी जड पावलांनी तळाच्या कडेने गेले. सुतळी गुरगुरली, तिने बंद दाराकडे पाहिले आणि ती पुन्हा झोपली. सकाळी उजाडताच तिने सातव्या आणि आठव्या गुंडीच्या मधून नाक बाहेर काढले. आता प्रत्येक सहलीत ती तिथूनच पहिली हवा घेते. तिथले कापड थोडे सैल झाले आहे. ते कोणी घट्ट करू नये अशी माझी इच्छा आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी माळ्यावर कोणी तंबू असेल तर त्याला अधूनमधून ऊन दाखवा आणि ओला असताना घडी घालू नका. खुंट्या मोजा. आणि कोणी तुमच्या दाराशी अडून बसले, आत यायलाच तयार झाले नाही, तर त्याला ओढू नका, रागावूही नका. आधी आपल्या दाराकडे नीट बघा. बदलायला हवे असते ते पुष्कळदा दारच. चेन गेल्याचे दुःख मला अजून कधीतरी होते, पण रात्री सुतळीची पाठ माझ्या कापडाला टेकली की मला ते आठवत नाही.